मथळ्याचं कार्ड

खाणींतल्या मजुरांच्या पाळ्यांची यादी देवराव निखारेच्या प्रोग्राममधून आठ वर्षं बिनचूक निघत होती. प्रोग्रामच्या एका ओळीला एक, अशा भोकं पाडलेल्या तीनशे पंच कार्डांच्या त्या गठ्ठ्याला तो कुणाला हात लावू देत नसे. त्र्याऐंशी साली दिल्लीहून आलेल्या साहेबांनी नवी संगणकभाषा आणली आणि सगळं तिच्यात नव्यानं लिहून घेतलं.

"जुना बिघडलाच नाही, तं बदलून काहून राहिले साहेब?" देवरावनं विचारलं.

"यंत्रमाग आले तेव्हा तुमचे वडील हातमागाबद्दल हेच म्हणाले असतील," साहेब हसले.

नव्या प्रोग्रामनं पहिल्याच महिन्याच्या यादीत सावनेरचे दीडशे मजूर एकाच पाळीत दोन-दोन खाणींत उतरवले. साहेब मागच्या खोलीत देवरावकडे आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. "देवराव, तेवढा जुना गठ्ठा चालवून टाका."

तासाभरात यादी निघाली, बरोबर. साहेबांनी मथळ्यावर बोट ठेवलं. "इथं नव्या सिस्टमचं नाव टाका. सोमवारी दिल्लीचे पाहुणे बघायला येताहेत."

देवरावनं गठ्ठ्याचं रबर काढलं, मथळ्याचं वरचं कार्ड फाडलं आणि त्या जागी नवं पंच करून घातलं. आठ वर्षांत त्या प्रोग्राममध्ये करावी लागलेली ही पहिली दुरुस्ती.