वळणावरची जाळी

पाटीचा डावा टाका जरा जाड पडला होता... दुसऱ्या रांगेतूनही निजामोद्दीनला तो दिसला, कारण वेल्डिंग त्याच्याच हातचं होतं. व्यासपीठावर पाहुण्यांच्या खुर्च्यांशेजारी झाडाभोवतीची एक लोखंडी जाळी आणून ठेवली होती, तिला झेंडूची माळ घातली होती आणि पाटीवर दालमिलचं नाव चमकत होतं. झाडाला कधी तांब्याभर पाणी घातलं नाही, आणि माळ म्हणे जाळीला.

जळकोटच्या मंगल कार्यालयात तालुक्याचे पर्यावरण पुरस्कार चालले होते. उद्योग गटातला पहिला दालमिलला – कब्रस्तानच्या रस्त्यावर एकशे चाळीस कडुलिंब जगवल्याबद्दल. जगवल्याबद्दल... अम्मीचा जनाजा वैशाखाच्या उघड्या उन्हातून गेला, तो दारातून बघणाऱ्या दिलशादनं, त्याच्या बायकोनं, त्याच वर्षी दुधाच्या पिशव्यांत लिंबोळ्या रुजवल्या, त्यानं भंगारातल्या सळ्यांच्या जाळ्या केल्या, नऊ वर्षं ती डोक्यावरून घागरी वाहत राहिली, तेव्हा ही दालमिल कुठं झोपली होती?

आणि पाट्या कुणी लावल्या, मियाँ? गेल्या साली मिलचा मालक सुदर्शनशेठ वेल्डिंगच्या दुकानात आला, चहा प्याला, म्हणाला, "चाचा, जाळ्या लई गंजल्यात, रंग देतो मी. आमच्या पाट्या बी तेवढ्या बसवून टाका." केवढं भारी वाटलं होतं तेव्हा. एकशे चाळीस पाट्या, एका रेषेत, एक वाकडी नाही. परीक्षक आले आणि त्यांनी पाट्या वाचल्या. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा... नाही, का म्हणून? ज्याला पाटी दिसते त्याला घागर घेऊन चाललेली बाई दिसू नये?

दिलशाद शेजारी ईदचे कपडे घालून बसली होती. झाडांना बक्षीस मिळालं, एवढंच त्यानं घरी सांगितलं होतं. कुणाच्या नावावर मिळालं ते सांगायला जीभ रेटली नव्हती. शेठ उठला, टाळ्या पडल्या. ती टाळ्या वाजवत नव्हती, जाळीकडं बघत होती.

"ये तो मोड पे की जाली है जी."

वळणावरची. सगळ्यांत शेवटी लावलेला, अजून कमरेएवढाच लिंब – त्याची पाटी बसवली त्या दिवशी वीज कमीजास्त होत होती, म्हणून टाका जाड पडला होता. शोभेसाठी जित्या झाडाची जाळी उपसून आणली या हरामखोरांनी, आणि ते पोर तिकडं उघडं.

"चार बज गये. बकऱ्यां छूटी होंगी," ती उठली. "चलते?"

सकाळी संयोजक बसलिंगप्पा सर म्हणाले होते, शेवटपर्यंत बसा चाचा, सहकार्याबद्दल तुम्हाला बी शाल हाय.

"तू चल. मैं आया."

का म्हणून तिनं विचारलं असतं तर तिच्यावर रागावता तरी आलं असतं. ईदच्या ओढणीचा पदर सावरत ती रांगेतून बाहेर पडली, दारातल्या उन्हात गेली.

राग कानशिलात ठणकत होता – शेठवर, परीक्षकांवर, त्या झेंडूवर. उठावं, जाळी खांद्यावर टाकावी, सगळ्यांदेखत चालू पडावं... मनात तर मी केव्हाचा उठलोय. माइकवर सहकार्य करणाऱ्यांची नावं सुरू झाली होती. तो मान खाली घालून, ऐकतच नसल्यासारखा बसला होता, आणि त्याचा कान एकेका नावानंतर आपलं नाव शोधत होता. त्या कानाचा त्याला जेवढा राग आला, तेवढा शेठचाही आला नव्हता.