एकशे सदतीस चिठ्ठ्या आणि मी

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी बाक आहे. भिलाईच्या पावर हाउस बाजारामागे आमदार कमलिनीताईंचं कार्यालय आहे. त्याच्या व्हरांड्यात माझं सगळं आयुष्य गेलं. जामुलच्या एका वेल्डरने मला चार माणसांसाठी घडवलं, पण माझ्यावर नेहमी सात बसले. त्यामुळे माझा एक पाय जरा वाकडा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

लोक येत ते ताईंच्या चिठ्ठीसाठी. तहसीलमधल्या अर्जाला आमदारांची चिठ्ठी जोडली की दाखला लवकर मिळतो, असा सगळ्यांचा समज होता. ताई कोणालाच नाही म्हणत नसत. चिठ्ठी घेऊन माणूस हसत उठला की मला वाटे, त्याचं काम मीच केलं. खरं सांगतो, मी भारी फुशारलो होतो.

मग बातमी आली. अर्ज ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने निघतील आणि कोणाचीही चिठ्ठी चालणार नाही, असा नवा कायदा विधानसभेत येणार होता. मग माझ्यावर बसायला कोण येणार?

"बरं आहे ना ताई, गर्दी कमी होईल," त्यांचा मदतनीस प्रफुल्ल म्हणाला.

"गर्दी कमी झाली तं मले ओळखन कोन?" ताई म्हणाल्या. "ऑफिसरांच्या भागातला आमदार कायद्याले हो म्हणून राहिला, कावून का त्याच्या दारी कोनी येतच नाही. मले तं लोकं चिठ्ठी पाहूनच मत देतात. मी विरोधातच बोलन."

मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

त्याच बुधवारी कुरुदहून सत्यशीलाबाई आल्या, नात संघमित्राला घेऊन. पोरीला नर्सिंगला जागा मिळाली होती. रहिवासी दाखला शुक्रवारपर्यंत कॉलेजला दिला नाही, तर ती जागा जाणार होती.

"ताई, तुमची चिठ्ठी लावून दोन महिने झाले. कावून निघून नाही राहिला दाखला?"

ताईंनी लगेच तहसीलमधल्या देवानंदबाबूंना फोन लावला. स्पीकर चालू होता. बाबू अगदी नम्रपणे म्हणाले, "ताई, गठ्ठ्यात एकशे चाळीस अर्ज आहेत. एकशे सदतीसाले तुमचीच चिठ्ठी आहे. आधी कोनता काढू, तुमीच सांगा."

प्रफुल्लला हसू फुटलं. ताई मात्र धपकन माझ्यावर बसल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

"बापा, किती टोचून राहिला हा!"

"आजी नऊ वेळा बसली ताई याच्यावर," संघमित्रा हळूच म्हणाली.

मला फार वाईट वाटलं. आपण टोचतो, हे मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताई स्वतः तहसीलमध्ये गेल्या. सगळ्या चिठ्ठ्या काढायला लावल्या आणि अर्ज तारखेप्रमाणे लावून घेतले. चिठ्ठी नसलेले ते तीन अर्ज सगळ्यांत जुने निघाले. चौथा संघमित्राचा होता. शुक्रवारी दुपारी दाखला तिच्या हातात पडला.

पुढे विधानसभेत ताई कायद्याच्या बाजूने बोलल्या. "लोकांनी मला ओळखावं म्हणून मी त्यांना बसवून ठेवत होते," असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. कायदा झाला आणि व्हरांडा ओस पडला. मी गंजलो, रुसलो. ताईही अधूनमधून दाराकडे बघत.

मग एका रविवारी सत्यशीलाबाई आल्या, कुरुदच्या तुंबलेल्या नालीवरून ताईंशी भांडायला! सोबत नर्सिंगच्या गणवेशात संघमित्रा होती. भांडून झाल्यावर चहा आला. ताई आणि सत्यशीलाबाई तासभर माझ्यावर बसल्या, पोटभर हसल्या. तेव्हापासून रविवारी गर्दी असते. भांडायला येतात, पण ताठ मानेने येतात. ताईही खूश असतात.

मित्रांनो, मला वर्षातून एकदा रंग द्या, माझा वाकडा पाय सांभाळा. पण हक्काच्या कागदासाठी कोणाला माझ्यावर बसवून ठेवू नका. परवा सत्यशीलाबाई उठताना म्हणाल्या, "हा बाक आता टोचत नाही, गादी टाकली का?"

गादी कोणीच टाकलेली नाही.