केरूच्या खांद्यातली पट्टी

केरू इस्पितळातून घरी आला आणि धाकूचा जळफळाट सुरू झाला. केरू त्याचा सख्खा धाकटा भाऊ. दोघेही बागायतदार आप्पांच्या बागेत झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, आंबे उतरवणारे आणि दोघेही झाडावरून पडलेले. धाकू गेल्या वर्षी, केरू यंदा. दोघांचाही उजवा दंड खांद्यापाशीच मोडला. पण धाकू चिरफाडीच्या नावानेच गळाठला आणि हाडवैद्याकडून कामट्या बांधून आला. हाड जुळलं, हात मात्र खांद्याच्या वर जाईना. मग झेला धरणार कसा? आता तो बायकांबरोबर खाली बसून पेट्या भरायचा.

केरू मात्र रत्नागिरीत सरळ टेबलावर आडवा झाला. डॉक्टरांनी हाडाला धातूची पट्टी लावून स्क्रू पिळले आणि सांगितलं, भिंतीवर बोटं चालवत हात रोज थोडा वर न्यायचा. आणि हा मेला खरंच रोज न्यायचा. आठवड्यात बोटं डोळ्यांपर्यंत पोचली. धाकूच्या पोटात नुसती आग.

"केरू, हलवू नकोस रे," तो म्हणाला. "स्क्रू ढिले होतील. गप बांधून ठेव."

"पण डॉक्टर तर..."

"खांदा डॉक्टरचा मोडला होता की माझा?"

केरूने हात गळ्यात बांधला. मोठ्या भावाचं ऐकायची त्याला लहानपणापासूनची सवय. धाकूला लाज वाटायला हवी होती, पण कसली लाज नि कसलं काय, महिनाभर तो खुशीत होता.

महिन्याने तो केरूला तपासणीला घेऊन गेला. डॉक्टरांनी हात उचलायला घेतला आणि केरू कळवळला. खांदा आखडला होता. डॉक्टर भडकले. "व्यायाम कुणी बंद करायला सांगितला?"

केरूने धाकूकडे एकदा पाहिलं. "कोणी नाय साहेब. माझाच आळस."

धाकूला ते फारच झोंबलं. म्हणजे याला सगळं कळलंय, तरी हा माझं झाकतोय. मोठेपणाही यालाच मिळावा काय?

"खोटं बोलतोय तो," धाकू म्हणाला. "मीच सांगितलं. माझा जात नाय, तर याचाही जाऊ नये असं वाटलं मला."

डॉक्टरांनी केरूचा खांदा पुन्हा चाचपला. मग धाकूला म्हणाले, "अजून वेळ गेलेली नाही. रोज दोनदा याचा हात तूच वर न्यायचास. ओरडला तरी थांबायचं नाही."

संध्याकाळी घरी धाकूने केरूचं कोपर डाव्या हाताने धरलं आणि हळूहळू वर नेलं. केरू विव्हळला. धाकूचा स्वतःचा हात जिथे अडायचा, तिथून केरूचा बोटभर पुढे गेला. धाकू अजूनही जळतच होता. त्याने कोपर आणखी थोडं वर नेलं.