चढावरची परीक्षा

गाडी चालवण्याच्या परीक्षेत घरातली धाकटी पास झाली. फॉर्मवर तसा शिक्का आहे, खाली सही आहे. पण हे झालेलंच नाही असं धरून चालू. कारण फॉर्म जमा करायची खिडकी पाचला बंद होते आणि फॉर्म अजून गाडीत आहे.

गाडीत धाकटीही आहे, आणि शेजारी परीक्षा घेणारे साहेब.

सोमवारी नऊला तिला दुसऱ्या गावात, लायसन्ससकट, रक्ताचे नमुने पोचवायच्या नोकरीवर रुजू व्हायचं होतं. नाही जमलं तर पुन्हा तेच घर, जिथे दोऱ्याचं रीळ आणायचं तरी दोन्ही काकांची सवड बघावी लागे. काकांनी शिकायला गाडी दिली नाही. ओरखडा पडेल म्हणे. मग रिटायर बस ड्रायव्हर असलेल्या बाबांनी तिला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर शिकवलं. पायाखाली तीन चपला, हातात छत्रीची मूठ. चार महिन्यांत हात असा बसला की छत्री आपसूक पाचव्या गिअरमध्ये पडायची. एकच राहून गेलं. खुर्ची कधी मागे घसरली नाही.

ऑफिसमागच्या बोळातल्या चढावर परीक्षेची गाडी तीनदा आचका देऊन बंद पडली आणि तीनदा वीतभर मागे आली. आता मागे चार बोटांवर साहेबांचीच नवी गाडी होती. हँडब्रेक नुसता शोभेचा. साहेबांचं दार भिंतीला टेकलेलं.

"ब्रेकवरचा पाय काढू नका, ताई."

"सुन्न झालाय."

"सुन्न असला तरी राहू द्या तिथेच."

खिडकीशी एक आजोबा थांबले. "हाफ क्लच धर, पोरी."

"आजोबा, मागे दगड लावता का?"

"दगडाची सवय लागली की सुटत नाही बघ," म्हणत ते गेले.

"साहेब, तुमची गाडी कुणाला तरी हलवायला सांगा ना."

"चावी ड्रॉवरमध्ये. ड्रॉवरची चावी क्लार्ककडे. क्लार्क रजेवर."

"रजा कुणी दिली?"

"मीच."

पावणेपाचला साहेबांनी खिशातून शिक्का काढला. "घ्या, पास केलं. आता तरी पुढे घ्या."

"पास झालं की आपोआप येतं का?"

साहेबांनी जरा आठवून पाहिलं. "मला नव्हतं आलं."

पाचला खिडकीचं शटर पडल्याचा आवाज दोघांनी ऐकला. आता ती सोमवारी दहाला उघडणार. धाकटीने साहेबांचं पेन मागून घेतलं आणि फॉर्मच्या पाठीवर लिहिलं:

"मा. रस्ते विभागप्रमुख यांस. विषय: चढ सपाट करण्याबाबत. सदर चढ सोमवारी सकाळी नऊच्या आत तात्पुरता काढून घ्यावा, ही नम्र विनंती. अर्जदाराचा पाय ब्रेकवर असल्याने अर्ज नेण्यास माणूस पाठवावा. त्याने येताना दगड आणावा."