सुगंधाने गाळलेली नदी

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे. तेलाची नाही, औषधाचीही नाही. मी गाळ मोजायची बाटली. पुराच्या पाण्यात दोरीने बुडवायचं, भरून वर काढायचं, पाणी आटवायचं आणि तळाशी उरलेली माती तोलायची. नदी किती माती वाहून नेते याचा अंदाज माझ्या पोटावरून बांधतात. स्वतःच्या पोटाचा इतका उपयोग फार थोड्यांना होतो.

माझी पहिली नोकरी माणदेशात झाली. तिथली नदी वर्षातले दहा महिने वाळू दाखवते आणि एखाद्या दुपारी अचानक वर्षभराची माती घेऊन धावत सुटते. रानात गवत कमी, त्यामुळे मातीला धरून ठेवणारं कोणी नाही. आमचे ओव्हरसियर परशुराम साहेब तेवढ्यासाठी दहा महिने काठावर बसून राहत. अशी पाच वर्षं मोजून त्यांनी एक तक्ता केला. पाऊस इतका, तर गाळ इतका.

१९५९ साली आमची बदली मालवणकडे झाली. तक्ताही सोबत आला, कारण कचेरीच्या मते नदी म्हणजे नदी. आचरा गावाच्या वरच्या अंगाला एक बंधारा घालायचा होता. साहेबांनी कोकणातला पाऊस तक्त्याला लावून पाहिला. त्या हिशेबाने सगळा सह्याद्री चार वर्षांत समुद्रात जायला हवा होता. साहेबांनी खिडकीतून पाहिलं. सह्याद्री जागेवर होता. मग ते म्हणाले, "मोजावंच लागेल."

नदीवर एक साकव होता, म्हणजे लाकडी पायपूल. त्याच्या टोकाशी सुगंधाचं घर. पावसाळाभर रोज बाटली भरायचं काम तिला मिळालं. या कामावर तिचा जीव होता. तिचा नवरा गुरुदास मुंबईत गिरणीत होता, आणि त्याने कळवलं होतं, "बंधारो झालो, वायंगण पिकाक लागला, तर मी घराक येतंय." वायंगण म्हणजे उन्हाळी भात. त्याला पाणी हवं, पाण्याला बंधारा हवा आणि बंधाऱ्याला माझं पोट.

आम्ही पंधरा बहिणी पाळीपाळीने भरत होतो. साहेब पंधरा दिवसांनी, पावसाची उघडीप पाहून, येत आणि आम्हाला घेऊन जात. पाणी आटवलं की तळाशी चिमूटभरही माती नसे. साहेब खूश झाले. डोंगरावर झाडी आहे, झाडी माती धरते, असं त्यांना वाटलं. त्यांनी अहवालात लिहिलं, 'गाळ नगण्य.'

श्रावणात एकदा ते न कळवता आले. साकवाखाली नदी विटेसारखी लाल धावत होती. ओटीवर मी नितळ पाण्याने भरलेली उभी होते.

"सुगंधाबाई, हे पाणी कुठलं?"

"ह्याच न्हयचा."

"मग लाल का नाही?"

"घडीभर हंड्यात निवळाक ठेयलंय, मगे पंच्यान गाळलंय," सुगंधा म्हणाली. तिला थोडा रागच आला होता. "सरकारी माणसाक गढूळ पाणी कोण देता, सायबा? आमच्याकडे तशी रीत नाय."

साहेब ओटीवर बसले. तिने त्यांना पाणी दिलं. तेही गाळलेलं होतं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. हाच अहवाल गेला तर बंधारा लगेच मंजूर होईल. पण गाळ नाही म्हटल्यावर गाळ बाहेर सोडायची मोरी कोणी ठेवणार नाही, आणि पाच वर्षांत बंधारा मातीने भरेल. खरं मोजायचं तर पुढचा अख्खा पावसाळा हवा. त्यावर मंजुरी मिळेल की नाही, सांगता येत नाही.

सुगंधाने बोटांवर वर्षं मोजली.

"पाच वर्सां तरी पाणी गावतला मां?"

"पाच वर्षं मिळेल."

"आणि मगे?"

साहेबांनी साकवाखालच्या लाल पाण्याकडे बोट दाखवलं.

"तो इलो तर कायमचो येवक व्हयो," ती म्हणाली. "परत धाडूचो असलो तर आत्ता बोलवचो कित्याक? दिया ती बाटली हयसर."

तिने मला ओतलं, साकवावर नेलं आणि लाल पाण्यात सोडलं. कोकणात मी पहिल्यांदाच पोटभर जेवले.

गुरुदासला पत्र साहेबांनीच लिहून दिलं. उत्तर आलं, "एक वर्स थांबतंय. गाळ नीट मोज."

तिने असा मोजला की पुरात साकव हलत असतानाही पाळी चुकली नाही. गाळ निघाला तो तक्त्याच्या विसाव्या हिश्शाइतका. नगण्य मात्र नव्हता. कचेरीने एक वर्ष विचार केला आणि मोरीसकट बंधारा मंजूर केला. १९६३ साली तो उभा राहिला. गुरुदास आला आणि पहिले आठ दिवस नुसता बांधावर बसून पाणी बघत होता.

माझं काम संपलं. आता माझ्यात रॉकेल असतं. तक्रार नाही, फक्त वास येतो.

तर मित्रांनो, कोणी काही मोजायला आलं तर आहे तसं भरून द्या, पाहुणचार नंतर करा. आणि त्या बंधाऱ्याकडे गेलात तर मोरीत अडकलेला पालापाचोळा तेवढा काढा. गुरुदासच्या मुंबईच्या ट्रंकेत सुगंधाने वायंगणाचं बियाणं भरून ठेवलं आहे. ती ट्रंक पुन्हा कपड्यांसाठी रिकामी करायची वेळ तिच्यावर आणू नका.