दारात आपटलेलं फ्लायव्हील

नीलमच्या पोटात वर्षभर एक निखारा होता, आणि तो विझू नये म्हणून ती रोज त्याच्यावर फुंकर घालायची. अकरावी-बारावीचं पीयू कॉलेज सुटलं की बेळगावच्या उद्यमबागेत वडलांच्या, आप्पांच्या वर्कशॉपमध्ये यायचं, दप्तर खुंटीला अडकवायचं आणि भंगाराच्या कोपऱ्यात उताणं पडलेल्या त्या फ्लायव्हीलकडं एकदा डोळे भरून बघायचं. बस्स, निखारा पुन्हा लालभडक!

फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या शेपटाला बसणारं बिडाचं जाडजूड चाक. त्याच्या गुळगुळीत तोंडाला क्लच घट्ट चिकटतो आणि इंजिनाची सगळी ताकद गाडीच्या चाकांकडं जाते. चिकटलाच नाही तर इंजिन नुसतं बोंबलतं, गाडी जेमतेम हलते. मागच्या दसऱ्यानंतर निपाणीबाहेरच्या माळावर गाड्यांच्या शर्यतीत सुहासच्या गाडीचं नेमकं तेच झालं होतं.

सुहास म्हणजे बेळगावातल्या झकपक गॅरेजचा मालक. काचेचं ऑफिस, काळा गॉगल आणि मोबाईलवर रोज एक रील. नीलमच्या आप्पांकडून, म्हणजे लेथवर लोखंड कातणाऱ्या महादेव टर्नरकडून, त्यानं शर्यतीसाठी हे फ्लायव्हील हलकं करून घेतलं होतं. सुरुवातीच्या रेषेवरच क्लच घसरला, गाडी सगळ्यांत शेवटी आली. सुहास खाली उतरला आणि थेट शर्यत भरवणाऱ्या भरमूच्या हातातला माईकच हिसकावला.

"उद्यमबागेतल्या महादेव टर्नरला कुणी काम देऊ नका! लेथ चालवतोय का रहाट, त्याचं त्यालाच कळंना!"

अख्खा माळ हसला होता. आप्पा गर्दीतच उभे होते. आणि नीलम आप्पांच्या शेजारी.

दुसऱ्या दिवशी सुहासनं ते चाक वर्कशॉपच्या दारात आणून आपटलं. फरशीचा टवका उडाला. तो टवका अजून तसाच आहे.

तेव्हापासून आप्पांनी शर्यतीच्या गाड्यांचं काम बंदच केलं. पंपाचे बुश आणि मोटारींचे शाफ्ट, एवढंच. पण नीलमला खुपायचं ते वेगळंच. आप्पा आता झालेल्या कामावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवायचे. मोजलेलं परत मोजायचे. स्वतःच्याच हातावर नजर ठेवून असलेल्या माणसासारखे.

यंदा गणपती उठले आणि मंगल आत्ती वर्कशॉपात अवतरली. आप्पांची धाकटी बहीण, निपाणीत ड्रायव्हिंग स्कूल चालवते. अर्ध्या तालुक्याला तिनं क्लच सोडायला शिकवलंय. काखेत एक खोकं होतं.

"दादा, कोइमतूरच्या एका रेसवाल्याकडनं आणलंय. माझ्या गाडीला बसवून दे. यंदा मी पळवणार!"

खोक्यात मल्टिप्लेट क्लच होता. नेहमीच्या क्लचमध्ये जेवणाच्या ताटाएवढी एकच प्लेट असते. ह्यात बशीएवढ्या प्लेटा एकीवर एक रचलेल्या. छोटा, हलका आणि महाचावरा, धरलं की सोडायचं नाव नाही. अडचण एवढीच की ताटासाठी केलेल्या फ्लायव्हीलवर बशी बसत नाही. तोंड सपाट कापावं लागतं, नवं कव्हर बरोबर मधोमध बसेल अशी पायरी काढावी लागते, नवी भोकं पाडून त्यांत आटे मारावे लागतात.

आप्पांनी खोकं बंद केलं. "माझ्याकडनं न्हाय व्हायचं. दुसरीकडं बघ."

"दुसरीकडं कुठं? तुझ्यासारखा हात कुणाचा हाय?"

"तोच तर राहिला न्हाय की, मंगल."

नीलम ताडकन उठली, भंगारात घुसली आणि ते फ्लायव्हील दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवलं. सुहासची गाडी आणि आत्तीची गाडी एकाच कंपनीची, एकाच इंजिनाची.

"ह्याच्यावर बसवायचं," ती म्हणाली. "ह्यानंच त्याला हरवायचं."

"लई पिक्चर बघालीस तू," आप्पा म्हणाले आणि चहा प्यायला निघून गेले.

आत्तीनं डोळा मारला. "आधी पूस तरी ते. कोळिष्टकं बघ."

नीलमनं रॉकेल घेतलं आणि घासायला बसली. तोंडावर क्लच जळाल्याचे निळे डाग होते, ते तिला माहीतच होते. पण कडेला पिना बसवायची बारकी भोकं असतात, ती काळ्या चिकट राळेनं बुजली होती. तिनं तार घालून एक कोरलं. काळं निघालं. अजून कोरलं. काळ्याच्या खाली पिवळं निघालं. पिवळ्यात लाल.

तिनं नाकाशी नेलं. खोबरेल. करपलेलं खोबरेल!

"आत्ती, ही हळद हाय. आणि हे कुंकू!"

मग तिला एक गोष्ट आठवली. मोबाईल काढला, सुहासची मागच्या खंडेनवमीची रील शोधली. टेबलावर हेच फ्लायव्हील, तोंड वर करून. त्यावर हळदीकुंकवाचे हे एवढाले पट्टे, मधोमध खोबरेलाची पणती, आणि पणतीतनं सांडलेल्या तेलानं अख्खं तोंड चकाकतंय. शेजारी क्लचची प्लेट, तिलाही तोच शृंगार. आणि गॉगल लावलेला सुहास सांगतोय, "देवाचं कुंकू पुसायचं नसतं मित्रांनो! आमी तसंच गाडीला बसवणार!"

आप्पा परत आले तेव्हा नीलमनं त्यांच्यासमोर आधी तार धरली, मग मोबाईल.

आप्पांनी रील पाहिली. परत पाहिली. खंडेनवमीला तेही लेथची पूजा करतात, पण त्यांचा नेम ठरलेला. कुंकू मशीनच्या कपाळाला, कामाच्या तोंडाला नाही. कामाशेजारी फक्त एक झेंडूचं फूल.

"तोंडाला तेल लावून क्लच बसवला ह्यानं," ते हळूच म्हणाले. "घसरणारच की." मग स्टुलावर बसले. "आणि मला वाटलेलं, माझाच हात हालला."

वर्षभर! वर्षभर आप्पांना तेच वाटत होतं! नीलमच्या पोटातल्या निखाऱ्याचा तिथं वणवा झाला.

"आत्ताच टाकते सगळीकडं," ती मोबाईल परजत म्हणाली.

"थांब गं," आत्ती म्हणाली. "मोबाईलवर टाकशील, तो दुसरी रील काढंल, संपलं."

नीलम थांबली. खरंच होतं. त्यानं बदनामी केली ती माईकवर, माळावर, माणसांच्या तोंडावर. परतफेडही तिथंच पाहिजे.

आप्पा तोवर उठले होते. त्यांनी फ्लायव्हील दोरीला टांगून हातोडीनं हलकेच टकटक केली. फुटक्या मडक्यासारखं बद्द वाजलं नाही, घंटेसारखं वाजलं. भिंग लावून सगळीकडं भेग शोधली. नव्हती. तेव्हा कुठं ते लेथच्या चकमध्ये, फिरत्या जबड्यात, चढलं.

त्या दिवसांत वर्कशॉपमध्ये यायला नीलमला बसची वाट बघवायची नाही. बिडाची काळी भुकटी उडायची, निळे डाग एकेक करून निघून जायचे आणि खालून चंदेरी तोंड यायचं. जुन्या क्लचच्या बैठकीचा उंचवटा गेला. बाहेरच्या कडेचं वजन उतरलं. आतल्या बाजूला मात्र आप्पांनी हत्यार फिरकू दिलं नाही.

"मधल्या बोल्टांजवळ पातळ केलं आणि पळताना फुटलं, तर गाडीची फरशी फाडून मंगलचे पाय घेऊन जाईल. सूड घ्यायचाय ना तुला? मग आधी आपलं माणूस जपायचं."

पायरी कापताना मोजमापाच्या डायलचा काटा नीलम बघायची. नव्या भोकांना आटे तिनंच मारले. अर्धा फेरा पुढं, जरासा मागं, दात ओठ खात, प्रत्येक फेऱ्याला सुहासचं नाव घेत. शेवटी क्लच वर चढवून, दोन्ही एकत्र फिरवून तोल साधला आणि आप्पांनी चाकावर आणि कव्हरवर समोरासमोर एकेक खूण ठोकली, परत जोडताना जागा चुकू नये म्हणून. मग त्यांनी तोंडावरून बोट फिरवलं. एकदाच.

खंडेनवमीला लेथच्या कपाळाला कुंकू लागलं, फ्लायव्हीलशेजारी झेंडू बसला. आणि दुपारी नीलमचा मोबाईल वाजला. सुहासची नवी रील! यंदा त्यानंही मल्टिप्लेट क्लच आणला होता. सगळ्या प्लेटा उलगडून मांडलेल्या, प्रत्येकीला हळदीकुंकू, मधे तीच पणती, तेच खोबरेल.

नीलमनं आनंदानं अशी आरोळी ठोकली की शेजारच्या फाउंड्रीतला माणूस डोकावून गेला.

"गप बसायचं आता," आत्ती हात चोळत म्हणाली. "ब्र काढायचा न्हाय. घसरू दे मेल्याला."

"न्हाय आत्ती. मी सांगणार त्याला. शर्यतीआधी, सगळ्यांसमोर."

"खुळी का काय? सांगितलंस तर तो पुसून टाकंल की!"

"पुसू दे की! पुसायचं तर गाडी उघडावी लागणार. सगळ्यांच्या देखत उघडली, तर मागच्या वर्षी आप्पांची चूक नव्हती हे त्यानंच दाखवलं. आणि न उघडली..."

आत्तीनं तिच्याकडं नीट बघितलं. "तुझ्याशी लग्न करणाऱ्याचं काय खरं न्हाय बघ."

शर्यतीच्या सकाळी माळावर धुरळा, भज्यांचा वास आणि तोबा गर्दी. भरमू माईकवर चालकांची नावं पुकारत होता.

"भरमूकाका, एकच मिनिट," म्हणून नीलमनं माईक मागितला. मंगलआक्काची भाची म्हणून त्यानं दिलाही. तिचा आवाज काय खणखणीत निघाला!

"सुहासअण्णा, तुमच्या क्लचच्या प्लेटांना पूजेचं खोबरेल लागलंय. वेळ हाय अजून. गाडी उघडा, थिनरनं पुसा. न्हायतर मागच्या वर्षीगत घसरणार."

सुहास हसला. पण हसण्याच्या आधी त्याची नजर स्वतःच्या बॉनेटवर जाऊन आली होती, आणि नीलमनं ती पकडली. कळलं होतं त्याला. सगळं कळलं होतं.

"रहाटवाल्याची पोरगी मला शिकवाय आलीया!" तो ओरडला. काही जण हसले. बरेच जण हसले नाहीत. गाडी त्यानं उघडली नाही.

दोन-दोन गाड्या सुटत होत्या. नीलमनं भरमूला गळ घातली होतीच, त्यामुळं सुहासच्या शेजारी आत्तीची गाडी. काचेतनं आत्तीचे ओठ हलताना दिसले. सवयीनं ती स्वतःलाच सांगत असणार, हळू, क्लच हळू सोडायचा. झेंडा पडला. आत्तीची गाडी अशी उसळली की मागच्या चार जणांच्या भज्यांत माती गेली.

सुहासचं इंजिन बोंबललं. गाडी मात्र गोगलगाय. त्यानं अजून दाबलं, इंजिन अजून किंचाळलं, खालनं निळा धूर आला आणि मग तो वास माळभर पसरला.

"कुणाचं खोबरेल करपलं रं?" गर्दीतनं कुणीतरी विचारलं, आणि अख्खा माळ फुटला. त्यांना हसताना नीलमनं डोळे मिटून ऐकलं. मागच्या वर्षीचंच हसू होतं, फक्त तोंड फिरलेलं.

सगळ्या गाड्यांत कमी वेळ आत्तीचाच निघाला, बक्षिसाला भरमूनं तिचं नाव पुकारलं. आत्ती पुढं झाली, माईक घेतला आणि भाचीच्या हातात दिला. नीलम चालत सुहासपाशी गेली. तो धुरकटलेल्या गाडीला टेकून उभा होता, गॉगल हातात.

"बास गं पोरी," मागनं आप्पा म्हणाले. "जिंकलो की आपण."

"आत्ती जिंकली, आप्पा. तुमचं राहिलंय." तिनं माईक सुहासच्या तोंडासमोर धरला. "बोला, अण्णा."

सुहासनं गर्दीकडं बघितलं. कुणी हलेना. जायला वाट नव्हती.

"तेलानं घसरलं," तो पुटपुटला. "मागच्या वर्षी पण. महादेवमामांचं काम चांगलं होतं."

आप्पांची बोटं सवयीनं एकमेकांवर फिरत होती, ती थांबली.

नीलमनं माईक अजून जवळ नेला. अगदी ओठांना लागेल इतका.

"मोठ्यानं, अण्णा. मागच्या वर्षी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलतं."