गोल्फच्या मैदानावरचा पडदा

मी एक जुना हिरवा पडदा आहे. तंबू शिवणाऱ्या एका कारागिराकडे जाड कापड उरलं, त्याचा मी झालो. वाटलं होतं, डोंगरावर जाऊ, वारा खाऊ. पण मित्रांनो, मला पितळी कड्या लावून टांगलं ते गोल्फच्या सरावाच्या मैदानाशेजारी. माझ्या एका अंगाला मास्तर शिकवत, दुसऱ्या अंगाला बाकावर माणसं वाट बघत बसत.

दुपारचं ऊन माझ्यातून झिरपून आत उतरे आणि मास्तरांची जागा पाण्याखाली असल्यासारखी हिरवी होई. समोर पांढरे चेंडू उडत आणि दूर गवतात पाखरांसारखे उतरत. ते बघता बघता मला गुंगी येई. "सावली द्यावी तर ह्यानं," मास्तर म्हणत. मी वाऱ्यानं फुगतो असं लोकांना वाटे. खरं तर मी कौतुकानं फुगे.

मास्तर साठीला टेकलेले, एकटे. त्यांच्याकडे एक निवृत्त नर्सबाई शिकायला येऊ लागल्या. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. पाय घसरून पडल्यापासून त्यांचा उजवा खांदा धरला होता, आणि हात हलता ठेवा असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांची नणंद सोबत येई आणि बाकावर विणत बसे. दोघी एकाच घरात राहत.

मी पडलो कापड. मला शब्द कळतात, त्यातली खोच कळत नाही. पहिल्या दिवशी जे ऐकलं, ते जसंच्या तसं सांगतो.

"ही फार लांब आहे हो, मास्तर. मला नाही झेपायची."

"मग ही घ्या. आखूड आहे, पण कामाची."

"हं! ही कशी हातात बसली."

"इतकी आवळू नका. चिमणी धरल्यासारखी धरा. कंबर सैल सोडा. घाई नको, आपल्याला कुठं गाडी पकडायचीय?"

बाकावरच्या सुया थांबल्या.

"आता?"

"आता हळूच मागं न्या... आणि द्या सोडून!"

"अगंबाई! गेला की आत!"

"पहिल्याच दिवशी! बाई, तुमच्यापुढं मी हात टेकले."

"वहिनी!" नणंद बाहेरूनच ओरडली. "आत्ताच्या आत्ता घरी चल!" मला बाजूला सारून बघायचं धाडस काही तिला झालं नाही.

बाकाच्या टोकाला माळीकाका चहा पीत होते. संध्याकाळपर्यंत सगळ्या मैदानावर बातमी. जो तो मास्तरांना विचारू लागला, "काय मास्तर, आखूड, पण कामाची?" नर्सबाईंच्या कानावर ते गेलं आणि त्यांनी येणं बंद केलं. मास्तर उपड्या बादलीवर बसून माझ्या फटीतून रिकाम्या बाकाकडे बघत राहत. हिरवा उजेड तोच होता, पण आता तो तळ नसलेल्या विहिरीसारखा वाटे.

दीड महिन्यानं नणंद एकटीच आली. पायात कापडी बूट.

"वहिनीचा हात पुन्हा आखडलाय," ती मास्तरांना म्हणाली. "मी काहीबाही बोलले, म्हणून ती घराबाहेर पडत नाही. आत काय चालतं ते मला स्वतः बघायचंय. शिकवा मला."

मास्तरांनी तिला काठी दिली आणि दहा पावलं लांब, आपल्या बादलीवर जाऊन बसले.

"तेव्हाही इथंच बसला होतात?"

"मी जागा सोडत नाही, बाई. गुडघे दुखतात."

ती मग एकामागून एक चेंडू मारत सुटली. विसावा चेंडूही चुकला तेव्हा ती वैतागून ओरडली, "मास्तर, नुसतं भोकाच्या काठाशी घुटमळतंय! आत जायचं नावच नाही!"

पलीकडे माळीकाकांना जोराचा ठसका लागला.

 मग आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. ती इतकी हसली, इतकी हसली, की तोल सावरायला तिनं मला धरलं आणि मी वरपासून खालपर्यंत टरकन फाटलो. फटीत माळीकाका, हातात कप, नाकातून चहा.

"बघा काका, डोळे भरून बघा!" ती म्हणाली. "ही काठी, तो चेंडू आणि ते मास्तर, तिकडे!"

दुसऱ्या दिवशी ती वहिनींना हाताला धरून घेऊन आली. येताना दाभण आणि जाड दोराही आणला. मला शिवता शिवता, मान वर न करता म्हणाली, "वहिनी, मी नुसत्या कानांनी बघितलं गं."

"जाऊ दे," वहिनी म्हणाल्या. "पण टाके जवळजवळ घाल."

पुढे मैदानावर काचेच्या भिंती आल्या. मला गवत कापायच्या यंत्राखाली अंथरलं. तेल, बुरशी, उंदीर, सगळं सोसलं. अंधारात मला पांढऱ्या पाखरांची स्वप्नं पडत. कुणी विचारलं नाही. शेवटी नर्सबाईंनीच मला शोधून काढलं आणि तीनदा धुतलं. पिळून दोरीवर टाकताना त्यांचा उजवा हात डोक्याच्या वर गेला.

मित्रांनो, जुनं झालं म्हणून कापड फेकू नका. धुवा, सावलीत वाळवा, फाटलं तर टाका घाला. काही गोष्टींना आडोसा लागतोच.

मास्तरांचं आणि नर्सबाईंचं लग्न झालं. साक्षीदार म्हणून नणंदेनं सही केली. हल्ली मी त्यांच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीला असतो. माझ्यामागं काय बोलणं चालतं, ते मात्र मी सांगणार नाही. तिथं गोल्फ नसतो.